मज्जारज्जूचा कारभार

प्राचीन ईजिप्तच्या वैद्यांनी लिहून ठेवलेली आणि 1862 साली लक्झर येथे एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाच्या हाती लागलेली पपायरसची जी गुंडाळी आहे, तिच्यात मस्तकापासून खाली क्रमाने 48 दुखापतींचा तपशील दिलेला असून प्रत्येक ठिकाणी वैद्याने द्यावयाचा निर्णयही नोंदलेला आहे. आणि मानेचा मणका निखळून ज्याचे हातपाय बधिर झाले आहेत व ज्याचे मूत्र नकळत वाहते आहे, अशा माणसाविषयीचा तेथील निर्णय असा की, या दुखण्यावर उपचार करू नयेत. हा निर्णय निर्दयपणाने दिलेला नव्हता. जे आपल्या हाती नाही ते हाती आहे असे भासवू नये, एवढीच प्रामाणिक दक्षता त्यात होती. आणि पुढच्या साडेतीन हजार वर्षांत शस्त्रवैद्यकाने केवढीही मजल मारली तरी हा एक निर्णय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा कायम राहिला. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागून ज्यांचे अधोअंग लुळे पडले, त्यांतील बहुसंख्य सैनिक शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुदोषाने थोड्याच अवधीत दगावले. 1944 साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन या, नाझी राजवटीतून निसटून आलेल्या, ज्यू वैद्याने रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे, मूत्राशयाची काटेकोर निगा राखणे आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कामाला व खेळाला लावणे, असा साधाच परंतु कडक शिस्तीचा परिपाठ घालून दिला, तेव्हा कोठे हे रुग्ण जगू लागले.

गुटमन यांनी 1948 साली आपल्या रुग्णालयाच्या आवारात सुरू केलेल्या क्रीडास्पर्धांचेच पुढे पॅरालिंपिक झाले, आणि 1972 साली हायडेलबर्ग येथील त्या स्पर्धांत 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर हे आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान होते. भारताला पॅरालिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. त्यानंतर दोनच वर्षांनी पुण्याजवळ खडकी येथे अधोअंग लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले, आणि तेथील रहिवाशांनी चाकांच्या खुर्चीवरून जे पराक्रम केले त्यांची दाद आपल्या वृत्तपत्रांनी पुरेशी घेतली आहे असे मला वाटत नाही.

पाय मात्र गेले ते गेलेच, ही गोष्ट या साऱ्या परिपाठात गृहीत धरलेली होती. तिच्या मुळाशी मज्जारज्जूविषयीची एक समजूत होती, जी खोटी होती असे म्हणण्यापेक्षा अपुरी होती असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. प्रौढ माणसाच्या पाठीतून सुमारे 45 सेंटिमीटर लांब, करंगळीएवढ्या जाडीची जी ही मऊ दोरी उतरते आणि जिच्यातून मज्जातंतूंच्या 31 जोड्या बाहेर पडतात, ती मेंदूचे हुकूम खाली नेणारी आणि त्वचेची व स्नायूंची खबर वर पोहोचविणारी केवळ जासूद आहे, अशी ती समजूत; आणि जासूद वाटेत मारला गेला म्हणजे खलिता पोहोचत नाही, हे उघडच आहे. परंतु पेशवाईची दप्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक असेल की, हुजुरातून सुटलेले आज्ञापत्र मोहिमेच्या किंवा पुराच्या दिवसांत परगण्यापर्यंत अनेकदा पोहोचतच नसे, तरी म्हणून गावचा वसूल अडून राहत नसे, की कुलकर्ण्याचा जमाखर्च थांबत नसे. कारभाराची रीत गावात पिढ्यानपिढ्या वतनासारखी रुजलेली असे आणि हुजुरातून यावयाची ती बहुधा केवळ मंजुरी. मज्जारज्जू हा जासूद नसून पाटील-कुलकर्णी आहे, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानी कशी आली, ध्यानी आल्यावर अर्धशतक कशी विस्मृतीत पडली, आणि अखेर भलत्याच दाराने रुग्णालयात कशी शिरली, याचाच हा इतिहास आहे.

विजेचा आणि देहाचा संबंध मात्र या इतिहासाहून पुष्कळ जुना. रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच संधिवातावर आणि डोकेदुखीवर विद्युत्-मत्स्याचा झटका सांगून ठेवला होता. बोलोन्यात लुइजी गॅल्व्हानी याने मेलेल्या बेडकाची तंगडी धातूच्या स्पर्शाने आखडताना पाहिली आणि 1791 साली प्राण्यांच्या देहात स्वतःची वीज वास करते असा सिद्धान्त मांडला. व्होल्टाने तो अमान्य केला आणि त्या वादातून 1800 साली जगाला पहिली विद्युत्-घटमाला मिळाली. वाद गॅल्व्हानी हरला असे सामान्यतः सांगितले जाते, परंतु मज्जातंतूंपुरते पाहिले तर बाजी त्याचीच होती, हे येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते. त्याचा भाचा जोव्हान्नी अल्दिनी याने 1803 च्या जानेवारीत लंडनच्या न्यूगेट तुरुंगात फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर नामक कैद्याच्या प्रेतावर वीज सोडून त्याचा जबडा थरथरविला, एक डोळा उघडविला आणि हाताची मूठ वर उचलविली. प्रेक्षकांत मोठीच घबराट उडाली. पुढे पॅरिसमध्ये द्युशेन याने त्वचेवर ओली विद्युतअग्रे टेकवून एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकुंचित करण्याची विद्या शास्त्रशुद्ध पायावर आणली, आणि तिच्या पाठोपाठ विजेचे कमरपट्टे विकणाऱ्या भोंदूंचा जो बाजार भरला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत उठला नाही.

परंतु स्नायू आखडणे निराळे आणि पाऊल टाकणे निराळे. एका पावलासाठी दोन्ही पायांतील कितीतरी स्नायूंना ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आणि एकमेकांची वाट पाहत काम करावे लागते. शिवाय बाहेरून दिलेली वीज नेमके मोठे व लवकर दमणारे तंतू आधी जागे करीत असल्यामुळे असा पाय थोड्याच वेळात थकून जातो. पाऊल लोंबणाऱ्या रुग्णांसाठी 1961 साली लिबरसन याने टाच उचलली की चालू होणारे विजेचे यंत्र दाखविले आणि ते उपयोगीही पडले. पण दर स्नायूला स्वतंत्र हुकूम पाठविण्याची ही तजवीज म्हणजे पाटलाला वगळून हुजुरातून घरोघर कारकून धाडण्यासारखी होती, आणि असा कारभार फार दिवस चालत नाही.

पाटलाचा पत्ता लागला तो लिव्हरपूलला. चार्ल्स शेरिंग्टन यांनी मज्जारज्जू मेंदूपासून तोडलेल्या प्राण्यांच्या पायांतही पावले टाकल्यासारखी हालचाल होते हे दाखवून, ती प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी असावी असे प्रतिपादिले होते: पाय मागे गेल्याची संवेदना पोहोचली की पुढे आणण्याची क्रिया, ती झाली की तिची संवेदना, आणि याप्रमाणे पुढे. त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या टॉमस ग्रॅहम ब्राउन या तरुण स्कॉटिश संशोधकाने 1911 साली त्यांची ही उपपत्ती कसोटीला लावली. मांजराचा मज्जारज्जू तर त्याने छेदलाच, परंतु पायाकडून संवेदना आणणारी मज्जातंतूंची मुळेही तोडून टाकली, म्हणजे आता वरून हुकूम नाही आणि खालून खबरही नाही; आणि तरीही घोट्याचे दोन प्रतिस्पर्धी स्नायू, एक आखडे तो दुसरा सैल, दुसरा आखडे तो पहिला सैल, अशा लयबद्ध पाळीने हलत राहिले. पावलांची लय मज्जारज्जूच्याच उदरात निर्माण होते आणि परस्परांना आळीपाळीने दाबणाऱ्या दोन अर्धकेंद्रांच्या झुंजीतून ती उपजते, असे अनुमान त्याने काढले. गुरूच्या सिद्धान्ताला गुरूच्याच घरात दिलेले हे उत्तर होते.

या गृहस्थाचे पुढे काय झाले हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. तो कार्डिफला प्राध्यापक झाला, रॉयल सोसायटीचा सभासद झाला, आणि शरीरशास्त्र जवळजवळ सोडून पर्वतारोहणाच्या नादी लागला. फ्रँक स्माइथ याच्यासह 1927 व 1928 साली त्याने माँ ब्लाँच्या ब्रेन्व्हा कड्यावरून दोन नवे मार्ग काढले आणि त्यांच्या श्रेयावरून त्याच स्माइथशी वर्षानुवर्षे भांडण मांडले. 1936 साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, तो आपल्या हिमालयात नंदादेवीच्या त्या प्रसिद्ध मोहिमेतही दाखल झाला होता, जिच्यातील टिलमन व ओडेल हे दोघे शिखरावर पोहोचले. पाऊल कोठून उपजते हे ज्याने शोधले त्याने आपली पावले कड्याकपारींवर खर्ची घातली, आणि त्याचे ते प्रबंध मात्र ग्रंथालयांतून धूळ खात पडले. 1965 साली तो वारला. त्याच दशकात स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे अँडर्स लुंडबर्ग यांच्या मंडळींनी औषधाच्या साहाय्याने मज्जारज्जूतील ती पाळीपाळीची लय पुन्हा प्रकट केली व अर्धकेंद्रांची कल्पना सन्मानाने दप्तरातून बाहेर काढली. आणि 1966 साली मॉस्कोत शिक, सेव्हेरिन व ऑर्लोव्हस्की यांनी मांजराच्या मेंदूच्या बुंध्यातील एका ठिकाणी वीज देऊन त्याला फिरत्या पट्ट्यावर चालविले, विजेचा जोर वाढविला तसे दुडके पळविले, आणखी वाढविला तसे चौखूर उधळविले. वीज एकाच ठिकाणी, तिचा फक्त जोर कमीअधिक; चालीचा सारा तपशील मज्जारज्जूने स्वतः भरला. मंजुरी आणि कारभार यांतील भेद याहून स्वच्छ कोणी दाखविला असेल असे मला वाटत नाही.

हे सारे मांजरांचे. माणसाच्या मज्जारज्जूवर वीज पोहोचली ती चालण्यासाठी नव्हे, तर वेदनेसाठी. 1965 साली मेल्झॅक आणि वॉल यांनी असा सिद्धान्त मांडला की, स्पर्श वाहून नेणारे जाड तंतू जागे केले तर ते वेदनेच्या वाटेवरचा दरवाजा लोटून घेतात. आणि 1967 साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे नॉर्मन शीली या शल्यवैद्याने कर्करोगाने ग्रासलेल्या एका रुग्णाच्या पाठीत, मज्जारज्जूच्या मागील बाजूस, विद्युतअग्र बसवून त्या सिद्धान्ताची परीक्षा घेतली. तेव्हापासून ही यंत्रे वेदनाशमनाच्या खात्यात रीतसर दाखल झाली. 1973 साली न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट कुक यांना मज्जासंस्थेच्या चिवट विकाराने पीडित रुग्णांत असे आढळले की, वेदनेसाठी लावलेल्या विजेने हालचालही सुधारते. ही वार्ता वाऱ्यावर गेली नाही, पण तिच्यावर मोठी इमारतही उठली नाही. पूर्वी ल्यूब्ल्यानात काम केलेले मिलान दिमित्रियेविच यांनी मात्र तिचा पाठपुरावा सोडला नाही, आणि 1998 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, ज्यांचा मज्जारज्जू पूर्णपणे निकामी ठरविलेला आहे अशा माणसांना उताणे निजवून कमरेच्या भागातील मज्जारज्जूवर सेकंदाला 25 ते 60 स्पंदने दिली असता त्यांचे पाय पावले टाकल्यासारखे आळीपाळीने हलतात. ग्रॅहम ब्राउनचे मांजर माणसातही आहे, हे त्या दिवशी ठरले.

कॅलिफोर्नियात रेजी एजर्टन यांनी मज्जारज्जू छेदलेल्या मांजरांना फिरत्या पट्ट्यावर तालीम देऊन चालते केले होते आणि त्यात एक फार मोलाची गोष्ट त्यांच्या नजरेस आली होती: ज्या मांजराला केवळ उभे राहण्याची तालीम दिली ते उभे राही पण चालत नसे, आणि ज्याला चालण्याची दिली ते चाले. म्हणजे मेंदूपासून तुटलेला मज्जारज्जू कारभार करतो एवढेच नव्हे, तर नवा कारभार शिकतोही. याच परंपरेत लुईव्हिल येथे सुझन हार्केमा यांनी, मोटारीच्या धडकेने 2006 साली लुळा पडलेला बेसबॉलपटू रॉब समर्स याला आधी 26 महिन्यांत 170 वेळा पट्ट्यावर तालीम दिली. तिचा काही उपयोग झाला नाही हे नोंदवून घेतल्यावर 2009 च्या डिसेंबरात त्याच्या पाठीत 16 विद्युतअग्रांचे, बाजारात वेदनेसाठी मिळणारे यंत्र बसविले. वीज चालू असता तो आपल्या पायांवर आपला भार घेऊन उभा राहिला. एवढे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते असे की, काही महिन्यांनी, वीज चालू असताना, त्याला आपल्या मनाने पायाची बोटे, घोटा आणि गुडघा हलविता येऊ लागला. 2011 साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि 2014 साली आणखी तीन रुग्णांत हाच अनुभव आला, तेव्हा शास्त्रज्ञांना निमूटपणे कबूल करावे लागले की, ज्या दुखापतीला आपण पूर्ण म्हणत होतो ती बहुतेक पूर्ण नसते. थोडे तंतू शाबूत असतात, त्यांचा क्षीण आवाज खाली पोहोचत असतो, आणि निजलेल्या मज्जारज्जूला तो ऐकू येत नसतो इतकेच.

येथे वीज नेमके काय करते याचा खुलासा आवश्यक आहे, कारण याविषयीचा गैरसमज सार्वत्रिक आहे. ही वीज स्नायूंना हुकूम देत नाही. विद्युतअग्रे मज्जारज्जूवरील जाड आवरणाच्या बाहेर, पाठीच्या बाजूस, म्हणजे संवेदी तंतू जेथून आत शिरतात तेथे बसविलेली असतात, आणि वीज प्रामुख्याने त्या तंतूंनाच चेतविते. पायांकडून भरपूर खबर येत आहे असे मज्जारज्जूला वाटते, तो सावध होतो, आणि मग वरून आलेली कुजबुजसुद्धा त्याला मंजुरी म्हणून पुरते. परंतु हीच वीज अखंड व जोराने दिली तर तिच्या गलबल्यात पायाची खरी खबर, म्हणजे आपला गुडघा कोठे वळला आहे ही अंतःस्थ जाणीव, बुडून जाते. हे ओळखून स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रेग्वार कुर्तीन हे संशोधक आणि जोसलिन ब्लोख या शल्यवैद्य यांनी अखंड प्रवाहाऐवजी, ज्या क्षणी जो स्नायुसमूह लागतो त्या क्षणी त्याच्याच मुळाशी स्पंदन देण्याची युक्ती योजिली. 2018 साली लोझान, लुईव्हिल आणि मेयो क्लिनिक या तीन ठिकाणांहून दोन महिन्यांच्या आत, लुळी पडलेली माणसे आधार घेऊन चालल्याची वृत्ते आली; 2022 साली लोझानमध्येच संपूर्ण अधोअंग गेलेल्या तिघांनी यंत्र चालू झाल्यापासून एका दिवसात पट्ट्यावर पावले टाकली; आणि 2023 साली गेर्ट-यान ओस्कम हा डच गृहस्थ, ज्याला 2011 साली चीनमध्ये सायकलवरून पडून दुखापत झाली होती, कवटीत बसविलेल्या विद्युतअग्रांनी त्याच्या मनातील हेतू वाचून तो बिनतारी मार्गाने पाठीतील यंत्राला कळवावा अशा व्यवस्थेने जिना चढू लागला. तुटलेल्या रस्त्यावरून खलिता शेवटी हवेतून पोहोचला. यंत्र बंद केल्यावरही कुबड्यांच्या आधाराने तो पूर्वीपेक्षा बरा चालू लागला होता, ही गोष्ट मला जिन्याहून अधिक महत्त्वाची वाटते.

वृत्तपत्रांना चालणारा पांगळा हवा असतो, आणि त्यात त्यांचा सर्वस्वी दोष नाही. परंतु रुग्णांना जेव्हा कोणी सरळ विचारले तेव्हा मानेपासून खाली लुळ्या पडलेल्यांनी पायांआधी हात मागितले, आणि कमरेखाली लुळ्या पडलेल्यांनीही चालण्याला अग्रस्थान दिले नाही. मलमूत्रावरील ताबा व संसारसुख यांचा मान दोघांनीही मोठा ठेवला. बसते केले की रक्तदाब कोसळून घेरी येणे हे दुःख चालता न येण्याच्या दुःखाहून रोजचे असते, आणि पाठीतील याच यंत्राने रक्तदाब सावरता येतो असे 2021 साली दाखविले गेले आहे. त्वचेवरूनच वीज देऊन हातांची पकड सुधारणाऱ्या यंत्राच्या 60 रुग्णांवरील चाचणीत 72 टक्के रुग्णांना लाभ झाला आणि 2024 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या यंत्राला सनद दिली. शस्त्रक्रिया नाही, कवटीला छिद्र नाही, जिना नाही, आणि म्हणूनच मथळाही नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासात रुग्णाच्या पदरात खरोखर पडलेले पहिले माप तेच. चालण्यासाठी पाठीत बसवावयाची यंत्रे अजून चाचण्यांच्या कक्षेतच आहेत, आणि ज्या थोड्यांना ती लाभली त्यांना ती महिनोन्महिन्यांच्या तालमीनेच लाभली. तेव्हा जाहिरातीतून कोणी आठ दिवसांत चालविण्याची हमी देऊ लागला तर त्याची गणना कमरपट्टेवाल्यांत करावी.

वाचकांना सांगावयाचे ते इतकेच की, ही विद्या उरलेल्या थोड्या तंतूंच्या बळावर उभी आहे, आणि ते तंतू उरतात की नाही हे पुष्कळदा अपघातानंतरच्या पहिल्या घटकेत ठरते. आपल्याकडे झाडावरून, विहिरीत, परांचीवरून वा दुचाकीवरून माणूस पडला की जमलेली मंडळी दयाबुद्धीने त्याला बगलेत हात घालून उठवून बसवितात, पाणी पाजतात आणि रिक्षात दुमडून घालून नेतात. मणका मोडलेला असेल तर शाबूत राहिलेला मज्जारज्जू त्या उठाठेवीतच चेचला जातो. त्याला उठवू नये. मान व पाठ वाकू वा वळू देऊ नये, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि हलविणे अगदी भागच पडले तर चारपाच जणांनी मिळून, डोके, कंबर व पाय एका रेषेत धरून, सपाट फळीवर घ्यावे.